'येतो' न म्हणणारा अमोलिक

कलकत्त्याहून आणलेलं सामान पुढच्या बदल्यांत एकेक करून हरवलं. सतरंजी गेली, वेताच्या खुर्च्या गेल्या, पितळी समई कुठे गेली ते अजून कळलेलं नाही. किस्से मात्र हरवत नाहीत, उलट दर वर्षी वाढतात! आम्ही त्या ऑफिसातले तिघे-चौघे आता पुण्यात असतो आणि वर्षातून दोनदा तरी जेवायला जमतो. आधी माशांचा विषय होतो, मग लोडशेडिंगचा, आणि मग कोणीतरी म्हणतं, "आणि तो अमोलिक!" झालं, त्यानंतर दुसरा विषय निघत नाही.

गेल्या खेपेला करंदीकर साहेबांनी सांगितलं की त्यांचा घेराव तीस तास चालला होता. मी तिथे होतो. सहा तास चालला होता! आयुष्यात खोटं न बोललेल्या एका माणसाबद्दल आम्ही सगळे मिळून इतकं खोटं बोलतो की काही विचारू नका. म्हणून मी इथे जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगणार आहे. तेवढा मान त्याला द्यायला हवा.

आमचं ऑफिस खिदिरपूरला, गोदीच्या रस्त्यावर. जहाजात चढणारा-उतरणारा माल तपासायचा आणि तो सुस्थितीत आहे किंवा नाही याचा दाखला द्यायचा, हा कंपनीचा धंदा. हेड ऑफिस मुंबईचं, म्हणून आम्ही मराठी माणसं तिथे जाऊन पडलेलो. शांतवन अमोलिक हा त्यातलाच एक. नगर जिल्ह्यातला ख्रिस्ती, वडील मिशनच्या शाळेत मास्तर. उंच, काटक, कलकत्त्याच्या मे महिन्यातसुद्धा शर्टाचं वरचं बटण लावलेलं. लग्न केलेलं नव्हतं, गोदीजवळच एका खोलीत राहायचा.

दाखले देणाऱ्या कंपनीत खोटं न बोलणारा माणूस म्हणजे वरदानच, असं तुम्हाला वाटेल. आम्हाला नाही वाटायचं!

*

तो पहिल्यांदा आमच्या बेहालाच्या घरी जेवायला आला, तेव्हापासून सुरुवात करतो. आई आमच्याकडेच असायची. परमुलखात मराठी बोलणारा माणूस जेवायला येणार म्हणून तिने सकाळपासून पुरणाचा घाट घातला होता. अमोलिक पोटभर जेवला, सुपारी खाल्ली, उठला आणि हात जोडून म्हणाला, "काकू, जेवण फार छान झालं. जातो."

आईच्या हातातलं तबक तसंच राहिलं.

"अहो, जातो काय? येतो म्हणावं!"

"पण आज परत यायचं नाहीये, काकू."

"नसू दे की. म्हणायची रीत असते."

"म्हणजे खोटं म्हणायची?"

"हे काही खोटं नव्हे!"

"येणार नसताना येतो म्हणायचं," अमोलिक शांतपणे म्हणाला, "हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही, एवढंच प्रभूनं शिकवलंय, काकू. मधलं मला जमत नाही."

आई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "हे बघा. येतो म्हणायचं नाही अशी जगात एकच जागा आहे, ती म्हणजे मसण. तिथून निघताना मागे बघायचं नाही आणि येतो म्हणायचं नाही. बाकी सगळीकडे येतो. कळलं?"

अमोलिकने वर्गात मान डोलवावी तशी मान डोलवली. "कळलं, काकू," तो म्हणाला. "जातो."

यात हसण्यासारखं पुष्कळ होतं आणि मी हसलोही, पण आई हसली नाही. त्याला कारण होतं. मी आठ वर्षांचा असताना वडील घाईघाईत सायकलवर टांग टाकून "जातो गं" म्हणाले आणि गेले. पुलावर ट्रक आला. त्या दिवसापासून आमच्या घरातून धोबीसुद्धा "जातो" म्हणून बाहेर पडलेला नाही. कलकत्त्यात आल्यावर बंगाली माणसंही निघताना "आशी" म्हणजे "येतो"च म्हणतात हे तिला कळलं, तेव्हा तिला केवढा आनंद झाला! "बघ, या मासेखाऊ लोकांनासुद्धा कळतं," असं ती कितीतरी दिवस सगळ्यांना सांगत होती. आणि आता हा घरचा, मराठी बोलणारा माणूस तिच्या उंबऱ्यावर उभा राहून "जातो" म्हणाला होता.

"याच्या तोंडून एकदा येतो वदवल्याशिवाय राहणार नाही मी," आई त्या रात्री म्हणाली. आईने एखादी गोष्ट मनावर घेतली की तिच्या आड यायची आमच्यात कोणाची छाती नव्हती.

*

बंगाली जिभेला अमोलिक जड जायचं. आमचे हेडक्लार्क घोषालबाबू त्याला पहिल्या दिवसापासून मल्लिकबाबू म्हणायचे. तो रोज दुरुस्त करायचा, "अमोलिक." घोषालबाबू नाकात तपकीर कोंबत म्हणायचे, "एकई होलो!" म्हणजे एकच झालं की!

एका पावसाळ्यात तागाच्या गाठी तपासायच्या होत्या. गाठी ओल्या आहेत हे गोदीतल्या कावळ्यांनासुद्धा ठाऊक होतं. सकाळीच ऑफिसात एक करंडी आली. वर केळीचं पान, खाली दोन चांगले हातभर लांब इलिश मासे आणि सोबत चिठ्ठी, 'मल्लिकबाबूंना सप्रेम'.

अमोलिकने चिठ्ठी दोनदा वाचली. "ही माझी नाही," तो म्हणाला. "मी अमोलिक." आणि करंडी उचलून खरोखरचा मल्लिक शोधायला बाहेर पडला! तासाभराने सापडला. गाठी मोजणाऱ्यांच्या शेडमध्ये एक म्हातारा मल्लिक पंधरा वर्षं मोजणी करत बसला होता, त्याला आजवर कोणी शिंपलासुद्धा दिलेला नव्हता.

घोषालबाबू खुर्चीत कोसळलेच. पैसे परत करणारा माणूस त्यांना समजू शकत होता, पण इलिश! त्यांनी मला बाजूला घेऊन काळजीने विचारलं, "ओकबाबू, इनके धरम में मछली मना है क्या?"

मी म्हटलं, "नाही हो, यांच्या देवाचे पहिले शिष्यच कोळी होते."

"फिर?" घोषालबाबूंच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

अमोलिकने दाखल्यावर लिहिलं, 'गाठी ओल्या.' संध्याकाळी पार्टीचा एजंट लालबुंद होऊन आला. मछली पोचली नाही का, म्हणून विचारू लागला. अमोलिक म्हणाला, "पोहोचली. ज्यांचं नाव होतं त्यांना पोहोचली." एजंट तसाच शेडमध्ये धावला, तर म्हातारा मल्लिक त्याला माशाला तेल किती सुटलं होतं ते सांगत बसला.

त्यानंतर कितीतरी वर्षं तो म्हातारा रस्त्यात भेटला की अमोलिकला नमस्कार करायचा आणि आशेनं विचारायचा, "बाबू, पुन्हा गाठी कधी ओल्या होणार?"

*

कलकत्त्यात क्रिकेटची टेस्ट मॅच आली की ऑफिसात तापाची साथ यायची. त्या वर्षी एकाच दिवशी आठ जणांना ताप आला. त्यात मी होतो. करंदीकर साहेब आमचे मॅनेजर, त्यांनाही कणकण वाटत होती.

अमोलिकला क्रिकेटचं भयंकर वेड. त्याने अर्जात लिहिलं, 'मॅच पाहायची आहे, रजा मिळावी.' साहेब म्हणाले, "अहो, हे काय कारण झालं? ताप लिहा." तो म्हणाला, "ताप नाहीये, साहेब." रजा नामंजूर झाली! आम्ही तापकरी ईडन गार्डनला गेलो आणि ज्याची तब्येत ठणठणीत होती तो एकटा ऑफिसात बसला.

दुपारी मुंबईहून मोठ्या साहेबांचा ट्रंककॉल आला. हे मी पाहिलेलं नाही, पण अमोलिकनेच सांगितलं, म्हणजे पाहिल्यासारखंच. सगळे कुठे आहेत?

"अर्जांमध्ये ताप लिहिलाय, साहेब."

"सगळ्यांना? खरंच ताप आहे?"

"मी कोणाला हात लावून पाहिलेला नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला डोक्यावर घेऊन नाचायचं तेवढं बाकी ठेवलं. शाब्बास, अमोलिक शिकला! पण तो तीन दिवस जेवला नाही. चौथ्या दिवशी आम्हा आठ जणांसमोर येऊन उभा राहिला. "मला ठाऊक होतं तुम्ही कुठे आहात," तो म्हणाला. "मी शब्दांच्या आडोशाला लपलो. मी उद्या मुंबईला फोन करणार आहे. आधी तुम्हाला सांगावं म्हणून आलो."

आम्ही हातापाया पडलो, बायकामुलांची शपथ घातली. त्याला शपथही चालायची नाही! त्याने स्वतःच्या पैशांनी ट्रंककॉल लावला आणि आम्ही सगळे भोवती मयताला जमावं तसे उभे राहिलो.

"साहेब, त्या दिवशी मी चुकीचं उत्तर दिलं. ताप नव्हता. क्रिकेट होतं."

बराच वेळ नुसती खरखर ऐकू येत होती. आमच्या नोकऱ्या त्या खरखरीत लोंबकळत होत्या. मग मुंबईहून आवाज आला, इतका मोठा की आम्हा सगळ्यांना ऐकू गेला.

"बरं, आपला डाव का कोसळला एवढा?"

*

इकडे आईची मोहीम जोरात चालू होती. अमोलिक आता दर शनिवारी आमच्याकडे यायला लागला होता आणि दर शनिवारी "जातो" म्हणून जायचा.

एकदा आईने त्याची छत्री लपवली. तर्क सोपा होता. छत्रीसाठी परत यावं लागणार हे कळलं की जाताना येतो म्हणेल! पण त्याला ते ट्रामच्या स्टॉपवर गेल्यावर कळलं. तो परत आला, छत्री घेतली आणि म्हणाला, "जातो, काकू."

"आत्ता परत आलात ना? मग मघाशी येतो म्हणायला काय झालं होतं?"

"मघाशी मला माहीत नव्हतं, काकू."

मग आईने दुसरा डाव टाकला. "उद्या अळूवड्या करणार आहे. उद्या याल ना? मग म्हणा, उद्या येतो."

"उद्या जमलं तर येईन."

"जमलं तर काय? तुम्हाला अळूवड्या आवडतात!"

"आवडतात. पण उद्या ट्राम चालेल का, बंद पुकारतील का, मी उठेन का, हे माझ्या हातात कुठाय? हे कलकत्ता आहे, काकू."

आईने थोडा विचार केला. मागच्याच महिन्यात तीन बंद झाले होते. "हे मात्र खरं हो," ती म्हणाली. तेवढ्यापुरती ती हरली.

*

आता करंदीकर साहेबांचा तो सहा तासांचा घेराव. त्या काळात कलकत्त्यात मॅनेजरला घेराव झाला नसेल तर त्याला क्लबात कोणी विचारायचं नाही, अशी परिस्थिती होती. आमच्याकडेही एक दिवस सकाळी अकराला युनियनची मंडळी घोषणा देत जिना चढायला लागली. करंदीकर साहेब चपळाईने उठले आणि नमुन्यांच्या खोलीत चहाच्या पेट्यांमागे जाऊन बसले. जाता जाता बजावलं, "मी डमडमला विमानतळावर गेलोय!"

युनियनचे पुढारी नीरेनदा. त्यांनी एकेकाला विचारलं. घोषालबाबू म्हणाले, "डमडम." मी म्हटलं, "डमडम." शिपाई म्हणाला, "डमडम." मग नीरेनदांची नजर अमोलिकवर पडली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आमोलिकबाबू! आप बोलिए. साहेब कहाँ है?"

अमोलिक घामाघूम झाला. साहेबांना दगा द्यायचा नव्हता आणि खोटंही बोलायचं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "कृपा करून मला विचारू नका."

"आछेन!" नीरेनदा ओरडले. "आहेत! इथेच आहेत!" कारण साहेब खरोखर डमडमला असते तर अमोलिकने एका शब्दात तसं सांगितलं असतं. ज्याला खोटं बोलता येत नाही त्याला गप्पही बसता येत नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

साहेब पेट्यांमागून बाहेर काढले गेले, अंगभर चहाची भुकटी. त्यांना खुर्चीत बसवून भोवती पन्नास माणसं बसली. अमोलिक आपली खुर्ची घेऊन आला आणि साहेबांच्या शेजारी आत जाऊन बसला.

"आमोलिकबाबू, तुम्ही मोकळे आहात," नीरेनदा म्हणाले. "घरी जा."

"माझ्यामुळे सापडले. मी बसतो."

दुपारी युनियनने त्याच्यासाठी चहा आणला, साहेबांना नाही. त्याने कप साहेबांपुढे सरकवला. नीरेनदांनी दुसरा आणला. तोही त्याने साहेबांपुढे ठेवला. "ते दोन पितात तर मी कधी पिणार?" असं म्हणून तिसरा मागितला. तेव्हा पहिल्यांदा सगळे हसले, साहेबही हसले, आणि पाच वाजता बोलणी होऊन घेराव उठला.

साहेबांनी भुकटी झटकत मला हुकूम दिला. "ओक, यापुढे घोषणा ऐकू आल्या की आधी अमोलिकला डमडमला पाठवायचं!"

*

आमच्या मराठी मंडळींचा गणपती असायचा. अमोलिक आठवडाभर आधीपासून राबायचा. सतरंज्या वाहायचा, पताका लावायचा, नारळ खवून द्यायचा. आरती सुरू झाली की मात्र शांतपणे बाहेर जायचा आणि चपलांजवळ उभा राहायचा. मूर्तीपुढे हात जोडायचे नाहीत, मूर्तीला दाखवलेलं खायचं नाही, हा त्याचा नेम. काही लोकांना ते खटकलं. आईलासुद्धा पहिल्या वर्षी खटकलं. तिसऱ्या वर्षी अमोलिक तापाने आजारी पडला, खऱ्या तापाने, आणि त्या आरतीत चौदा जोड चपला गेल्या! त्यानंतर कोणालाच खटकलं नाही.

प्रश्न मोदकांचा होता. आईने पहिल्या वर्षी त्याच्या पानात मोदक वाढला, तर त्याने विचारलं, "काकू, नैवेद्याच्या आधीचा की नंतरचा?"

"नंतरचा. आधी कसा वाढेन?"

त्याने हात मागे घेतला. मोदकाकडे बघताना त्याचा चेहरा इतका केविलवाणा झाला होता की काय सांगू! आई आत निघून गेली.

पुढच्या वर्षी मी स्वयंपाकघरात डोकावलो, तर मोदकपात्रातून पहिला घाणा निघाला होता आणि आई त्यातले पाच मोदक वेगळ्या डब्यात भरत होती. नैवेद्य अजून दाखवायचा होता. माझी आई, जिने आम्हाला कधी नैवेद्याआधी साखरेचा कणसुद्धा चाटू दिला नाही!

"आई, अगं हे काय?"

"त्याचे आहेत," आई माझ्याकडे न बघता म्हणाली. "मी गणपतीला सांगितलंय. तो काही म्हणाला नाही. तू मध्ये बोलू नकोस."

*

पुढचा किस्सा पुण्याच्या जेवणात कोणी काढत नाही. मी तर कधीच काढत नाही. पण पाहिलेलं सगळं सांगायचं ठरवलंय, तर हाही आला.

चहाच्या पेट्यांचा एक मोठा माल होता. मुंबईच्या मर्जीतली पार्टी, जहाज उभं, घाई. अमोलिकने दाखल्यावर लिहिलं, 'वरच्या दोन थरांतल्या पेट्या सुस्थितीत. खालचे थर पाहू दिले नाहीत.'

करंदीकर साहेबांनी त्याला बोलावलं. "अमोलिक, फक्त दुसरं वाक्य खोडा. पहिलं तर खरंच आहे ना?"

"दुसरं खोडलं तर पहिलंही खोडतो, साहेब. ते एकटं राहिलं की खोटं होतं."

साहेबांनी दाखला माझ्यापुढे सरकवला. माझ्या सीनियर सर्व्हेयरच्या बढतीचा कागद मुंबईत होता. खरं म्हणजे ती जागा अमोलिकची होती. मी नव्या दाखल्यावर पहिलं वाक्य लिहिलं आणि सही केली.

महिन्याभरात मला बढती मिळाली आणि अमोलिकची बदली झाली ती डमडमला, विमानतळाजवळच्या आमच्या गोदामात. दिवसाला एक विमान, एक टेबल, एक न फिरणारा पंखा. मी ऑफिसात पेढे वाटले. त्याच्यापुढेही डबा धरला. त्याने पेढा खाल्ला.

"पेढा चांगला आहे," तो म्हणाला.

पेढ्याबद्दलच म्हणाला. मी बढतीबद्दल काहीतरी ऐकायला थांबलो होतो, पण त्याने विषय बदलला.

*

डमडम कलकत्त्याच्या उत्तर टोकाला आणि बेहाला दक्षिणेला. तरी अमोलिकचा शनिवार चुकला नाही. दोन बस, एक ट्राम, धक्के खात यायचा आणि आईशी नगरच्या बाजरीबद्दल, वाईच्या हळदीबद्दल बोलत बसायचा. निघताना "जातो." आई कपाळावर हात मारायची. ती दोघं त्या भांडणाची वाट बघायची असं मला वाटायचं.

मग आईने अंथरूण धरलं. हृदय थकलं होतं. डॉक्टर म्हणाले, काही दिवस. त्या शनिवारी अमोलिक तिच्या उशाशी बराच वेळ बसला. उठला, तेव्हा आईने त्याचा हात धरला.

"आता तरी म्हणा हो," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. "एकदाच. मला बरं वाटेल."

अमोलिक उभा होता. त्याचे ओठ हलले. त्याच्या गळ्याशी लावलेलं ते बटण वरखाली झालेलं मला दिसलं.

"जातो, काकू," तो म्हणाला. "उद्या जमलं तर येईन."

आई हसली. "मेला सुधारायचा नाही," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

मी जिन्यात त्याला गाठलं. मला इतका संताप आला होता की मी त्याची कॉलर धरली. "दोन अक्षरं रे! मरणाऱ्या बाईसाठी दोन अक्षरं! काय बिघडलं असतं तुझ्या प्रभूचं?" मी त्याला ढोंगी म्हणालो, आणखीही बरंच काही म्हणालो. तो मला एका वाक्यात गप्प करू शकला असता. त्या दाखल्याची आठवण करून दिली असती तरी पुरलं असतं. त्याने तसं केलं नाही. कॉलर सुटल्यावर बटण नीट लावलं आणि जिना उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी बंगाल बंद. बस नाही, ट्राम नाही, रिक्षा नाही, रस्त्यावर कुत्रीसुद्धा नाहीत. दुपारी दोनच्या सुमारास दार वाजलं. दारात अमोलिक. शर्ट पाठीला चिकटलेला, एका चपलेचा अंगठा तुटून सुतळीने बांधलेला. डमडमपासून बेहालापर्यंत चालत आला होता!

आईने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"जमलं, काकू," तो म्हणाला.

त्या दिवशी आईने माझ्या बायकोकडून त्याच्यासाठी पिठलं करवून घेतलं आणि तो जेवत असताना त्याच्याकडे बघत पडून राहिली. संध्याकाळी तो निघाला. "जातो, काकू." आईने फक्त हात वर केला. तो गेल्यावर मला म्हणाली, "त्याच्या 'येईन'मध्ये निदान तो येतो तरी." मंगळवारी पहाटे ती गेली.

आदिगंगेच्या काठच्या स्मशानात आम्ही दहा-बारा जण होतो. करंदीकर साहेब होते, घोषालबाबू धोतराचा सोगा डोळ्यांना लावून उभे होते. भटजींनी विधी सुरू केले तसा अमोलिक नेहमीसारखा मागे सरकला आणि सगळ्यांच्या चपलांजवळ जाऊन उभा राहिला. मी अग्नी दिला. तासाभराने भटजी म्हणाले, चला, आता मागे वळून बघू नका.

आम्ही खाली मान घालून निघालो. चपलांपाशी पोहोचलो, तेव्हा अमोलिक आमच्याकडे बघत नव्हता. तो चितेकडे तोंड करून उभा होता, हात जोडलेले, सरळ.

"येतो, काकू," तो म्हणाला. मोठ्याने, स्वच्छ आवाजात, पुढे 'जमलं तर' न जोडता.

करंदीकर साहेब दचकले. त्यांनी घाईघाईने त्याची बाही ओढली. "अहो अमोलिक, काय हे! इथे येतो म्हणत नाहीत!"

"मला माहीत आहे," अमोलिक म्हणाला. "काकूंनीच सांगितलं होतं."